किती वाजता दिसलं?

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा. गुढ्या उतरवून तास-दीड तास झाला होता. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून खानदेशापर्यंत अंगणात, ओट्यावर, गच्चीवर असलेल्या माणसांनी वर पाहिलं, तर नारिंगी ठिणग्यांची एक लांब रांग आकाशातून सावकाश सरकत चालली होती. कुणी म्हणालं, विमान पेटलं. कुणी म्हणालं, क्षेपणास्त्र. उल्का झाली, उडत्या तबकड्याही झाल्या. पुण्यातल्या आमच्या फोनवर त्या चित्रफिती येईपर्यंत प्रत्येकीसोबत वेगळी गोष्ट जोडलेली होती.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यात पवनपारच्या बाजूला फूट-दीड फुटाचा एक धातूचा गोळाही मिळाला. कृत्रिम उपग्रहांचा अनेक वर्षं हिशेब ठेवणारे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग जुळवून पाहिला. त्यांच्या मते हा चीनच्या ‘चँग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा होता. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं. त्याचा रिकामा टप्पा वर्षभराहून अधिक काळ पृथ्वीभोवती घिरट्या घालत हळूहळू खाली येत राहिला आणि नेमका पाडव्याला आपल्या डोक्यावर पेटला.

ती उल्का नव्हती, हे कडं सापडण्याआधीही सांगता आलं असतं. त्याला दुर्बीण लागत नाही, मनातल्या मनात आकडे मोजणं पुरतं. बाहेरून येणारी उल्का सेकंदाला किमान ११ आणि जास्तीत जास्त ७० किलोमीटरच्या आसपास वेगाने वातावरणात शिरते. बहुतेक वेळा ‘ती बघ’ म्हणेपर्यंत ती संपलेली असते. पृथ्वीभोवती फिरून खाली येणाऱ्या रॉकेटच्या तुकड्याचा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या घरात असतो आणि तो जवळजवळ आडवा शिरतो. म्हणून त्याची ठिणग्यांची रांग आकाश ओलांडायला एखादं मिनिट, कधी त्याहून जास्त वेळ घेते. शेजाऱ्याला हाक मारून बाहेर बोलवायला, फोन काढून चित्रण करायला वेळ मिळाला, तर बहुधा ती उल्का नसते.

त्या रात्रीची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पाहणाऱ्या अनेकांना ते जळतं काहीतरी जवळच, पलीकडच्या शिवारात पडल्यासारखं वाटलं. असे तुकडे जमिनीपासून ७०-८० किलोमीटर उंचीवर पेटतात. ८० किलोमीटर उंचीवरचा उजेड, मध्ये डोंगर नसेल तर, हजारेक किलोमीटर दूरच्या माणसालाही क्षितिजाशी दिसू शकतो. म्हणूनच तो एकाच वेळी इतक्या जिल्ह्यांतून दिसला आणि तरीही प्रत्येकाला आपल्या गावाचा वाटला. यात कुणीही खोटं बोलत नव्हतं. रात्रीच्या आकाशातल्या एकट्या दिव्याबद्दल डोळ्याला फक्त दोन गोष्टी कळतात, तो कुठल्या दिशेला आहे आणि किती तेजस्वी आहे. अंतर डोळ्याला कळत नाही, मन ते भरून देतं. अंतर चुकलं की आकार चुकतो, वेग चुकतो आणि सगळी गोष्टच बदलते.

मन आणखीही बरंच काही भरतं. ३ मार्च १९६८ च्या रात्री अमेरिकेच्या पूर्व भागात लोकांना असाच जळता प्रवास दिसला. ते सोव्हिएत ‘झाँड ४’ या मोहिमेचे वातावरणात शिरलेले अवशेष होते. साक्षीदारांच्या पत्रांत काय होतं? काहींनी चिरुटाच्या आकाराचं लांबट यान पाहिलं होतं, त्याला उजळलेल्या चौकोनी खिडक्या होत्या आणि ते झाडांच्या थोडंसंच वरून गेलं होतं. उडत्या तबकड्यांबद्दलच्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या काँडन अहवालात विल्यम हार्टमन या खगोलशास्त्रज्ञाने ही वर्णनं तपासली. जळणारे तुकडे वेगवेगळे होते, त्यांच्यामधलं काळं धातूचं शरीर मनाने जोडलेलं होतं. अंधारात एका रांगेत जाणारे दिवे दिसले की आपण त्यांना डबे जोडतो, कारण रेल्वे आपण पाहिलेली असते.

‘उडती तबकडी’ हा शब्दही असाच घडला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने अमेरिकेतल्या माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या. त्या कशा जात होत्या हे सांगताना त्याने बशी पाण्यावरून भिरकावल्याची उपमा दिली, म्हणजे चपटा दगड टप्पे घेत जातो तशी चाल. उपमा चालीला होती. वर्तमानपत्रांनी ती आकाराला लावली आणि त्यानंतर जगभर लोकांना बशाच दिसू लागल्या.

आपल्याकडे त्याआधी काय दिसायचं? पुण्यातली सर्वांत उंच टेकडी वेताळाची आहे आणि वर त्याचं देऊळ आहे. अमावास्येच्या रात्री वेताळ आपला लवाजमा घेऊन निघतो, मशाली पुढे सरकत जातात, हे कोकणात आणि देशावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. आग्या वेताळ हा शब्द तर मराठीत अजून जिवंत आहे. मशाल, तबकडी, ड्रोन. अंधारातल्या दिव्याला प्रत्येक काळ आपल्या ओळखीचं नाव देतो. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावं धास्तावली, तरुण रात्र-रात्र गस्त घालू लागले. ड्रोन ही खरी वस्तू आहे, त्यामुळे ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पण एकदा गावाने ड्रोन शोधायला वर पाहिलं की एरवी कुणी ढुंकून न पाहिलेला प्रत्येक हलता दिवा संशयित होतो.

वेताळ टेकडीवर संध्याकाळी थोडं उशिरापर्यंत थांबलं की हे स्वतः अनुभवता येतं. लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीची दिशा साधारण पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडून उतरायला येणारं विमान टेकडीवरून पाहणाऱ्याला बराच वेळ जवळपास समोरूनच येताना दिसतं. त्याचे उतरण्याचे दिवे लागलेले असतात, आवाज पोहोचत नाही आणि दिवा जागचा हलत नाही. फक्त मोठा होतो. मग विमान थोडं वळतं, झोत बाजूला जातो आणि तो तेजस्वी गोळा एका क्षणात विझतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला होता. लाल-हिरवे दिवे दिसेपर्यंत मी जागचा हललो नव्हतो.

पश्चिमेला, बावधन-पाषाणच्या बाजूला, दुसरा नेहमीचा पाहुणा असतो. शुक्राची चांदणी. सूर्य-चंद्र सोडले तर आकाशात तिच्याइतकं नेमाने तेजस्वी काही नसतं. सूर्यापासून ती ४७ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून ती सूर्यास्तानंतर तीनेक तासांत मावळते किंवा पहाटे तितकाच वेळ आधी उगवते. एक्स्प्रेस-वेवरून येताना ती गाडीसोबत धावते, कारण झाडं आणि दिवे मागे पडतात, ती मात्र पडत नाही. ढग सरकत असले तर ढग थांबल्यासारखे आणि चांदणी निघाल्यासारखी वाटते. क्षितिजाजवळचा व्याधाचा तारा हवेच्या थरांतून लाल, हिरवा, निळा असा लुकलुकतो. नुसता काळोख आणि एकच दिवा असेल, तर स्थिर दिवाही डोळ्याला तरंगताना दिसतो. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७९९ मध्ये तेनेरिफ बेटावरच्या डोंगरावरून तारे असे डुलताना पाहिले होते. १९३५ मध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी काळोख्या खोलीत न हलणारा ठिपका दाखवून माणसांना तो किती सरकला ते विचारलं. एकेकट्याची उत्तरं खूप वेगळी आली. गटात मोठ्याने सांगायला लावल्यावर ती एकमेकांजवळ सरकत गेली. दहा जणांनी एकच सांगितलं म्हणजे दहा पुरावे झाले, असं मला त्यानंतर कधी वाटलेलं नाही.

गणेशोत्सवात पुण्याचे ढग वेगळेच दिसतात. मंडळांच्या ‘शार्पी’ दिव्यांचे झोत पावसाळी ढगांच्या पोटावर पडतात आणि दूरच्या उपनगरातून फक्त प्रकाशाच्या गोल चकत्या गरगरताना दिसतात. दिव्याचं तोंड एका सेकंदात ३० अंश वळलं, तर एक किलोमीटर उंचीच्या ढगावर ती चकती त्याच सेकंदात अर्धा किलोमीटरहून जास्त सरकते. म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त वेग, झटक्यात उलट दिशा आणि आवाज शून्य. ज्या हालचाली कुठल्याही विमानाला जमणार नाहीत असं साक्षीदार सांगतात, त्या प्रकाशाच्या डागाला सहज जमतात, कारण तिथे कुठली वस्तू नसतेच.

मग स्टारलिंकची माळ. पहिले ६० उपग्रह २३ मे २०१९ रोजी एकाच रॉकेटमधून सुटले आणि तेव्हापासून सोडल्यानंतरच्या काही दिवसांत मोत्यांच्या सरीसारखी ही रांग जगभर दिसते. ती दिसते संध्याकाळी किंवा पहाटे, जमिनीवर रात्र असताना आणि काहीशे किलोमीटर वर अजून ऊन असताना. रांगेतला एकेक दिवा आकाशाच्या मधोमध विझत जातो, तेव्हा तो पृथ्वीच्या सावलीत शिरत असतो. १५ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी बंगालमध्ये आकाशात टॉर्चच्या झोतासारखा उजेड दिसला आणि खळबळ उडाली, त्यामागेही हेच वरचं ऊन होतं. ओडिशाच्या किनाऱ्यालगतच्या अब्दुल कलाम बेटावरून त्याच संध्याकाळी अग्नी-५ क्षेपणास्त्राची चाचणी झाली होती.

आता लडाखमधल्या पँगाँग सरोवराची गोष्ट. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात तिथल्या भारतीय जवानांनी अज्ञात उडत्या वस्तू दिसल्याच्या ३२९ नोंदी केल्या. सीमेपलीकडून हेरगिरी होत असावी, अशी शंका होती. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी तपास केला, तेव्हा त्या वस्तू गुरू आणि शुक्र निघाल्या. ही बातमी आली तेव्हा अनेकांनी जवानांची थट्टा केली. मला ती तेव्हाही खटकली होती. विरळ, कोरड्या हवेत ग्रह विलक्षण तेजस्वी दिसतात, डोंगराच्या कडेवर ते सरकताना स्पष्ट जाणवतात, आणि सीमेवर उभ्या असलेल्या माणसाचं कामच संशय घेण्याचं आहे. शिवाय हा उलगडा त्या जवानांमुळेच झाला. त्यांनी महिनोन्‌महिने नोंदी ठेवल्या होत्या.

अशा अज्ञात उडत्या वस्तूंच्या नोंदी तपासणाऱ्या, अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’मध्ये १९६९ पर्यंत १२,६१८ घटना जमा झाल्या. त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत न ओळखलेल्या राहिल्या. या ७०१ ना कुणी परग्रहवासीयांचा पुरावा म्हणतं, कुणी कचरा. दोन्ही मला उतावीळ वाटतात. नासाने नेमलेल्या समितीचा सप्टेंबर २०२३ चा अहवालही मुख्यतः हेच सांगतो की हाती असलेल्या नोंदी फार तोकड्या आहेत. म्हणून कुणी मला ‘काहीतरी दिसलं’ असं सांगितलं की मी आधी विचारतो, किती वाजले होते? तोंड कुठल्या दिशेला होतं? क्षितिजापासून किती वर? हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते, तेव्हा ‘अडीच मुठी वर’ एवढं सांगितलं तरी चालतं. दिसायला लागल्यापासून विझेपर्यंत किती वेळ गेला? ज्या शहरात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी मंडळींना आकाश वाचायला शिकवते आहे, त्या शहरात ही चार उत्तरं घेऊन जायला जागा आहे. त्यांच्याशिवाय जगातला सगळ्यात प्रामाणिक साक्षीदारही कुणाच्या उपयोगाचा नसतो.

कधी कधी आकाशातली वस्तू आपल्याबरोबर पत्रच घेऊन येते. जानेवारी २०२५ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या जलसंगी गावात, आपल्या सीमेलगतच, एका घरावर भलामोठा फुगा आणि दिवे लुकलुकणारं यंत्र उतरलं. गाव घाबरलं. यंत्रासोबतच्या पत्रात ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं असल्याचं लिहिलेलं होतं. हैदराबादहून हे फुगे संशोधनासाठी सोडले जातात. सूर्यास्तानंतरही त्यांच्यावर ऊन पडत राहतं, त्यामुळे खालून ते एखाद्या अनोळखी ग्रहासारखे दिसतात.

परग्रहावरच्या जिवांचा प्रश्न आपल्याकडे ज्यांनी सर्वांत गंभीरपणे घेतला, त्यांनी असाच एक फुगा वापरला होता. डॉ. जयंत नारळीकरांनी ‘प्रेषित’ कादंबरीतून परग्रहावरचा पाहुणा मराठी घरांत आणला. तेच नारळीकर २००५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून सोडलेल्या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते. ४५९ किलोंची उपकरणं फुग्याने वर नेली. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनने थंड ठेवल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत गोळा झाली. नमुने दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासले गेले, हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात. नारळीकरांची ‘आयुका’ ही खगोलशास्त्र संस्था ज्या विद्यापीठाच्या आवारात आहे, त्याच आवारात हे केंद्र आहे. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. त्यात जिवाणूंच्या तीन जाती नव्या निघाल्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं नाव मिळालं, एकीला आर्यभटाचं, एकीला इस्रोचं. त्या बाहेरून आल्या का? मार्च २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने सांगितलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आल्याचं या प्रयोगातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण काम पुढे चालू ठेवायला उत्तेजन मिळतं. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्या तीन जिवाणूंची नावं, ते कुठल्या उंचीवरून आले, कसे वाढवले, सगळं लिहून ठेवलेलं आहे. मूळ ठिकाणाची जागा तेवढी त्यांनी मोकळी ठेवली.