जुना डिझेल ट्रक : कधी होणारा, कधी न होणारा बिघाड कसा पकडायचा?

(मासवण येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

पालघर-मनोर रस्त्यावर आणि बोईसरच्या एमआयडीसीत माल वाहणारे जुने ट्रक आजही दिसतात. पुष्कळदा मालकच ड्रायव्हर असतो. गाडी वाघोबा खिंडीत बंद पडली, की भाडं तर जातंच, शिवाय मागून येणाऱ्याच्या जिवाला धोका.

जी गाडी साफ बंद पडते, ती मेकॅनिकला सोपी. अवघड कोणती? रस्त्यात थांबते आणि गॅरेजला ओढून आणली की पहिल्या सेल्फला सुरू होते, ती. मग अंदाजाने काम चालतं. फिल्टर बदला, बॅटरी बदला, पंप खोला. पैसे जातात, बिघाड तिथेच राहतो. म्हणून आज मुद्दा एकच आहे. पाना उचलण्याआधी बिघाड डिझेलचा की करंटचा हे वेगळं करा, आणि तपासणी बिघाड हजर असताना करा.

आधी इंजिन समजून घेऊ. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबली की तापते, त्यात नोझलने डिझेल फवारलं की ते पेटतं. जुन्या गाड्यांत हे डिझेल मेकॅनिकल पंप देतो, त्याला वीज लागत नाही. म्हणजे सेल्फ मारायला बॅटरी हवी, पण एकदा सुरू झालेलं इंजिन तिच्याविना चालू राहतं. (म्हणून चालू गाडीची बॅटरी काढू नका हं, डायनमो जळेल.) यात एक अपवाद आहे. ज्या गाडीत बंद करायला ओढायचा नॉब नाही, चावीवर चालणारा सोलेनॉइड आहे, तिथे बहुतेक वेळा करंट तुटला की डिझेलही तुटतं.

आता ड्रायव्हरला विचारायचा पहिला प्रश्न : गाडी कशी बंद पडली? चावी फिरवल्यासारखी एकदम बंद पडली, मीटरवरचे दिवेही गेले, तर करंटकडे बघा. गचके देत, ताकद सोडत हळूहळू बंद पडली, तर डिझेलकडे. नंतरचे प्रश्न : गरम असताना की थंड? पावसात? लोड असताना? टाकीत डिझेल किती होतं?

हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं. तिथे बारीक फट पडली तर डिझेल फारसं गळत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं, आणि गाडी 'एअर घेते'. टाकीतल्या उभ्या पाइपाला वरच्या बाजूला चीर असेल, तर टाकी भरलेली असताना काहीच होत नाही. अर्धी झाली की त्रास सुरू. चढावर डिझेल एका बाजूला सरकतं, म्हणून खिंडीतच गाडी बंद पडते आणि सपाटीवर शहाणी होते.

दुसरा प्रकार, जाळीत अडकलेला कचरा. गाडी थांबते, दहा मिनिटांनी ओढ संपून कचरा खाली बसतो, गाडी परत सुरू. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी असंच होतं. झाकण उघडताना 'फुस्स' झालं आणि लगेच गाडी सुधारली, तर उत्तर मिळालं.

याची खात्री कशी करायची? फीड पंपाच्या आधी थोडा पारदर्शक पाइप लावा आणि बुडबुडे येतात का बघा. किंवा स्वच्छ डिझेलचा कॅन नीट बांधून त्यातून थेट फीड पंपाला डिझेल द्या. त्रास गेला तर दोष टाकीत किंवा लाइनमध्ये. महागडा पंप खोलायची गरज नाही.

आता करंट. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस. टर्मिनल, अर्थिंगचे बोल्ट आतून गंजतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला चेसिसशी जोडणारी अर्थची पट्टी लागते. ती सैल झाली की सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागते, ती त्यामुळेच.

इथे मल्टिमीटर फसवू शकतो. केबलची एकच तार शाबूत असली तरी मीटर 'कंटिन्युइटी' दाखवतो, पण सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. म्हणून लोडवर मोजा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. 24 व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, कारण एक कमजोर असली की दुसरीही वाया जाते. इंजिन चालू असताना एकूण साधारण 27.5 ते 28.5 व्होल्ट दिसायला हवेत.

वायरिंगसाठी इंजिन आयडलवर ठेवा, दिवे लावा आणि फिरत्या पट्ट्या-पंख्यापासून हात लांब ठेवून जुडगा हलवत जा. चेसिसच्या भोकातून वायर जाते तिथलं रबर झिजलेलं असतं. जिथे दिवा लुकलुकेल, तिथे थांबा.

श्रोत्यांतून प्रश्न : आम्ही वायर चेसिसला टेकवून ठिणगी बघतो, ते चालेल का?

नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, एका ठिणगीने बॅटरी फुटू शकते. दहा-वीस वॅटचा टेस्ट लॅम्प वापरा. फ्यूज सारखा उडतो म्हणून जागी जाड तार लावणंही तसंच धोक्याचं. फ्यूज दोष दाखवतोय, त्याचं तोंड बंद करू नका.

शेवटी एक करा. केबिनमध्ये छोटी वही ठेवा. गाडी बंद पडली की वेळ, जागा, टाकीतलं डिझेल, पाऊस-ऊन, दिवे होते की गेले, एवढं लिहा. चार नोंदी झाल्या की त्यांत सारखं काय ते दिसू लागतं, आणि मेकॅनिकला कुठून सुरुवात करायची ते कळतं.