पडद्याला लेझर केलंय? गाडी दुसऱ्याला चालवू द्या

हट्ट्याहून परभणीला किंवा नांदेडला डोळे दाखवायला जाणाऱ्या शुगरवाल्या मंडळींसाठी हे लिहितोय.

पहिलं म्हणजे लेझरनं नजर वाढत नाही, आहे ती टिकते. मोतीबिंदू काढल्यावर जसं लख्ख दिसतं तसं इथे होत नाही, आणि मग लोक डॉक्टरला बोल लावतात. पण 1976 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं, की वाढलेल्या मधुमेही पडदादोषात लेझरमुळे नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो.

त्याची किंमतही आहे. मधली नजर वाचवायला कडेच्या पडद्यावर शेकडो, कधी हजाराहून जास्त बारीक डाग देतात. त्यामुळे रात्रीचं आणि बाजूचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. कधी पडद्याच्या मध्यभागी सूज येते. काही दिवस अंधुक दिसणं, डोकं ठणकणं हे बहुतेकदा आपोआप जातं.

लेझरआधी डोळ्यात टाकतात त्या थेंबांनी बाहुली मोठी होते, काही तास उजेड सहन होत नाही. म्हणून सोबत कुणीतरी न्याच. काळा चष्मा लावा, डोळा चोळू नका. शुगरच्या गोळ्या मनानं बंद करू नका.

पडद्याला छिद्र म्हणून लेझर केलं असेल, तर पडदा घट्ट चिकटायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर हळदीची पोती उचलणं बंद, सीझन असला तरी!

अचानक काळे ठिपके वाढले, विजा चमकल्या, पडदा ओढल्यासारखं झालं किंवा डोळा खूप दुखून नजर उतरली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी निघा.