मुंबई ते लंडन : तिकिटावरचे तास आणि खरे तास

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या आईबापांची मुले आता उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत विमानभाडेही मिळते. ही समाजाला अभिमानाची गोष्ट आहे. परंतु घरात पहिल्यांदाच विमानाचे तिकीट येते, तेव्हा त्यावरील वेळा पाहून घरची माणसे गोंधळतात. म्हणून हा साधा हिशोब.

समजा, जानेवारीत मुंबईहून विमान दुपारी 1 वाजता सुटते आणि लंडनला सायंकाळी 5.30 वाजता उतरते. म्हणजे प्रवास साडेचार तासांचा का? नाही. तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे छापतात. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार तास. ते मिळवले की खरा प्रवास निघतो 10 तासांचा. तिथे सायंकाळचे 5.30 वाजतात, तेव्हा कुरुळीत रात्रीचे 11 वाजलेले असतात.

मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे 7200 किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी 850 ते 900 किलोमीटर. भागाकार केला तर आठ-साडेआठ तास येतात. मग जास्त वेळ का? विमान नाकासमोर सरळ जात नाही, ठरलेल्या मार्गाने जाते. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते अंगावर येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास थोडा लवकर होतो. देशोदेशींच्या भांडणाचाही परिणाम होतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घालावा लागला.

आता घरापासूनचा हिशोब मांडू. विमानतळावर 3 तास आधी, म्हणजे सकाळी 10 वाजता पोहोचायचे. चाकण-तळेगाव रस्त्यावरची कोंडी आणि द्रुतगती मार्गावरचा घाट धरून कुरुळीतून पहाटे 5 वाजता निघावे. दुपारी 1 पर्यंत 8 तास, विमानात 10 तास, उतरल्यावर तपासणी, सामान आणि खोलीपर्यंत जायला 3 तास. एकूण 21 तास! आखाती देशात विमान बदलायचे असेल, तर तिथल्या थांब्याचे तास वेगळे.

4 ऑक्टोबर 1930 रोजी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोटीने निघाले, तेव्हा लंडन गाठायला सुमारे दोन आठवडे लागले होते. त्या मानाने 21 तास काहीच नाहीत.

तरीही घरी वाट पाहणाऱ्या आईला ते मोठे वाटतात. म्हणून मुलाने निघण्यापूर्वी दोन्ही घड्याळांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात. विमान रात्री 11 ला उतरले, तरी फोन यायला 1 वाजू शकतो, हेही आईला समजावून सांगावे. मग कोणी विनाकारण घाबरणार नाही.