इंजिन नवं, रेडिएटर जुना : चोर्ला घाटात शिकलेला धडा



पावसाळी बंदी चालू आहे. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर किनाऱ्याला आणि आपण जाळी दुरुस्तीत, इंजिनं खोलण्यात गुंतलेले. याच दिवसांत बरेच जण मासळीची पिकअपही कामाला काढतात. यंदा तीन-चार सभासदांनी विचारलं, "जुन्या डिझेल पिकअपला टर्बो इंजिन बसवायचंय, सोसायटीच्या गाडीला बसवलं तसं. काय काय लागेल?" म्हणून हे लिहितोय. आपल्या गाडीचं काय झालं तेही लपवत नाही.

सोसायटीची पिकअप बिनटर्बोची होती. बेळगावला माल नेताना चोर्ला घाटात रडत चढायची. कमिटीने ठरवलं, त्याच कंपनीचं वापरलेलं टर्बो इंजिन घ्यायचं. इंजिन बसलं, गावात दोन फेऱ्या मारल्या, काटा मध्यावर. मिस्त्रीने विचारलं होतं, "रेडिएटर पण मोठा घालू ना?" खर्च आधीच वाढला होता. "पुढच्या हंगामाला बघू," असं मीच म्हटलं. बिलावर सहीही माझीच आहे.

ऑक्टोबरात बांगड्याचे क्रेट भरून गाडी पहाटे निघाली. अर्ध्या घाटात काटा लाल रेषेला भिडला. चालकाने गाडी बाजूला घेतली, थंड केली, पाणी भरलं. दोन वळणं गेली, पुन्हा तेच. शेवटी हेड गॅस्केट गेलं. दुसरी गाडी पोचेपर्यंत ऊन चढलं, बर्फ वितळलं, बाजाराची वेळ टळली. माल मिळेल त्या भावाला द्यावा लागला. सात घरांची मासळी होती ती. पैसे वाटताना माझी मान वर होत नव्हती.

चूक कुठे झाली?

डिझेल जळून जी उष्णता होते, तिच्यातला ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कामाला येतो. दुसरा तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे जातो. उरलेल्यातला बराचसा भाग पाण्याला बाहेर काढावा लागतो. जास्त ताकद म्हणजे जास्त डिझेल, आणि जास्त डिझेल म्हणजे पाण्यावर जास्त भार. बोटीच्या इंजिनाला थंड करायला अख्खा दर्या आहे. गाडीला आहे फक्त थोडं पाणी आणि समोरून येणारा वारा. घाटात भरलेली गाडी हळू चढते, तेव्हा तो वाराही नसतो. सगळा भार फॅनवर. सपाट रस्त्यावर जे लपतं, ते घाटात उघडं पडतं. बेळगाव समुद्रापासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, आणि आपण निघतो ते जेटीवरून, म्हणजे शून्यापासून.

काय काय जुळवावं लागतं

रेडिएटर : इंजिन ज्या गाडीतून आलं त्याच गाडीचा रेडिएटर घेणं सगळ्यात सोपं. जुन्या चौकटीत बसत नसेल तर ब्रॅकेट बदला, रेडिएटर लहान करू नका. खाली रबराच्या गाद्या हव्यातच. नाहीतर आपल्या रस्त्यांवर सांधे फुटतात.

होज पाईप : नव्या इंजिनाचं तोंड आणि रेडिएटरचं तोंड एका मापाचं नसतं. घट्ट ओढून क्लिप मारू नका, दोन मापांचा रिड्यूसर होज मिळतो. खालच्या होजमध्ये पंप पाणी ओढतो. तो मऊ पडला असेल तर जोरात रेस केल्यावर चपटा होतो आणि पाणीच थांबतं. पाईप फॅनला किंवा टर्बोला घासत नाही ना, तेही बघा.

फॅन आणि भोवतीचं कडं : मिस्त्री त्याला काऊल किंवा श्राउड म्हणतात. आपल्या गाडीत नवं इंजिन थोडं मागे बसलं, जुनं काऊल फॅनला जुळेना, म्हणून ते काढूनच टाकलं होतं. त्यामुळे फॅन रेडिएटरमधून वारा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच गरम हवा फिरवत राहिला. फॅन साधारण अर्धा काऊलच्या आत हवा आणि पात्यांभोवती थोडीच फट हवी.

वॉटर पंप : जुन्या इंजिनाला व्ही बेल्ट आणि नव्याला रुंद, रेघांचा बेल्ट असेल तर सांभाळा. काही इंजिनांत तो बेल्ट पाठीकडून पंप फिरवतो, म्हणून पंप उलट्या दिशेचा असतो. जुना पंप तिथे बोल्टला बसला तरी काम करणार नाही. फॅनची दिशाही तपासा.

थर्मोस्टॅट : "काढून टाका, गाडी थंड राहील," हे सगळीकडे ऐकू येतं. ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बाजूची बायपास वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरतं. त्या इंजिनाला सांगितलेल्या अंशांचाच नवा घाला.

झाकण : त्यावर दाब लिहिलेला असतो. ०.९ बारच्या झाकणाखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलेलं झाकण असेल तर शंभरालाच. पण जुन्या रेडिएटरला जास्त दाबाचं झाकण लावू नका, सांधे सुटतील.

काटा : सेन्सर आणि मीटर जोडीचे हवेत. जुन्या मीटरला नवा सेन्सर जोडला तर काटा खोटं बोलतो. गावातल्या फेरीत आपला काटा मध्यावर होता, तो खरा होता की नाही, आज सांगता येत नाही.

आपल्या किनाऱ्याच्या दोन गोष्टी

पहिली, पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरात नको. बॅटरीत घालतो ते पाणी आणि कूलंट, डब्यावरच्या प्रमाणात. दोन रंगांचे कूलंट मिसळू नका. भरताना हीटर चालू ठेवा आणि हवा पूर्ण निघू द्या.

दुसरी, मीठ. खाऱ्या वाऱ्याने आणि मासळीच्या पाण्याने रेडिएटरच्या बारीक पट्ट्या कुजतात. दर आठवड्याला गोड्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूकडून पुढे, हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पट्ट्या वाकतात.

परीक्षा भरलेल्या गाडीची

रिकामी गाडी गावात फिरवणं ही परीक्षा नव्हे. वाळूची पोती भरा आणि जवळच्या मोठ्या चढावर न्या. चढून आल्यावर एक-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, टर्बो निवू दे, मग बंद करा. थंड झाल्यावर पाणी बघा. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर गॅस्केट तपासल्याशिवाय माल भरू नका.

चालकालाही सांगून ठेवा. काटा चढला की वेग कमी, हीटर पूर्ण चालू, जागा मिळताच थांबा. वाफ निघत असेल तर इंजिन लगेच बंद. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तोंड भाजतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो.

आणि कागद. इंजिन बदलायच्या आधी आरटीओची परवानगी घ्या, नवा इंजिन नंबर आरसीवर चढवा, विमा कंपनीला कळवा. नाहीतर अपघात झाला तर विमा मिळताना अडचण येईल.

आता आपल्या गाडीला त्याच इंजिनाचा रेडिएटर, काऊल आणि सेन्सर आहे. गेला हंगाम ती भरलेली घाट चढली, काटा हलला नाही. पण त्या एका पहाटेचं नुकसान भरून निघालं नाही. इंजिनाचा खर्च काढताना रेडिएटर, फॅन, काऊल, पंप, होज त्याच कागदावर मांडा. एकूण पैसे जमत नसतील तर इंजिनच पुढच्या वर्षी बदला. कुणाला यादी तपासून हवी असेल तर संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात या. आपण बसून बघू.

आपला,
सचिव