अंडं कुणाच्या घरी जातं?

बारामतीहून भिगवणकडं निघालं की उसाच्या फडांमधून पत्र्याची लांबलचक शेडं दिसत राहतात. ही ब्रॉयलरची शेडं. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषधही कंपनीचं. शेतकऱ्याची जागा, पाणी, वीज आणि मेहनत. साधारण सहा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोचा पक्षी गाडीत भरला जातो आणि शेतकऱ्याला किलोमागं संगोपनाचे पैसे मिळतात. करार पद्धतीनं या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना उसाच्या बिलाची वाट न पाहता हाती पैसा दिला, हे मान्य करायलाच हवं. बारामती अ‍ॅग्रोसारखं नाव इथं साखरेइतकंच पोल्ट्रीसाठीही ओळखलं जातं.

हा लेख मात्र दुसऱ्या कोंबडीपालनाबद्दल आहे. शे-दोनशे पक्षी, मोजकी जागा, गावरान किंवा सुधारित गावरान जात, आणि शहरातल्या ठरलेल्या घरांत जाणारी अंडी. हा धंदा छोटा आहे आणि छोटाच राहिला तर टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

त्याची मुळं जुनी आहेत. नीरा डावा कालवा 1885 मध्ये आला आणि कालव्याखालचं बारामती बागायती झालं. पण बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांचा मोठा भाग पर्जन्यछायेतच राहिला. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि इंदापूरच्या भीमाकाठाला पाणी मिळालं, त्यासाठी पळसदेवसारखी गावं पाण्याखाली गेली. कालव्यापासून लांबच्या वस्त्यांवर मात्र शेळ्या, मेंढ्या आणि कोंबड्या हीच बेगमी. दारात खुराडं, खुराड्यात पाच-सात कोंबड्या, आणि अंड्याचे पैसे घरातल्या बाईचे. त्या पैशाचा हिशेब कुणी विचारत नसे. मुलांच्या वह्या, जत्रेतल्या बांगड्या, औषधपाणी त्यातून होई. अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची स्थापना बारामतीत 1971 मध्ये झाली. आप्पासाहेब पवारांनी उभ्या केलेल्या या संस्थेचं शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र 1992 पासून काम करतं. संस्थेच्या जानेवारीतल्या ‘कृषिक’ प्रदर्शनाला आलेली माणसं ठिबक आणि रोपवाटिका पाहून झाल्या की पशुपक्ष्यांच्या भागात रेंगाळतात, ती बहुधा अशाच खुराड्याच्या आठवणीनं.

खुराड्यातली कोंबडी आणि आजची छोटी पोल्ट्री यांच्यात मोठा फरक पडला तो उबवणीचा. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि मधेच खुडूक होते. मग तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची. ती एकवीस दिवस बसते, दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते आणि अंडी स्वतःच फिरवत राहते. या काळात आणि पिल्लं वाढवताना ती अंडं देत नाही. जास्त अंड्यांसाठी निवड करत गेलेल्या जातींमधून ही खुडूकपणाची वृत्ती जवळपास गेली. हैदराबादच्या केंद्रीय संशोधन संस्थेची वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली गिरिराजा, या सगळ्या दिसायला गावरान; पण अंडी उबवायला यंत्रच लागतं. यंत्रात साडेसदतीस अंश सेल्सिअस उष्णता आणि बेताची आर्द्रता राखावी लागते, अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, आणि अठराव्या दिवशी फिरवणं थांबवून पिल्लं निघायच्या कप्प्यात हलवावी लागतात. उबवणीची अंडी आठवड्याहून जुनी नसावीत, ठेवताना निमुळतं टोक खाली असावं. सातव्या दिवशी अंधारात दिव्यावर धरलं की फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. रिकामी अंडी तिथंच बाजूला निघतात. ज्यांना हे जमत नाही ते पिल्लं विकत आणतात. सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र पुण्यात खडकीला आहे, शिवाय खासगी हॅचऱ्या आहेत.

एक दिवसाचं पिल्लू प्रवास सोसतं, कारण बाहेर येण्याआधी त्यानं अंड्यातला बलक पोटात ओढून घेतलेला असतो आणि पहिले दोन दिवस त्यावर निघतात. खोक्यातून उतरल्यावर आधी पाणी, तेही गुळाचं, दाणा त्यानंतर. पुढचे तीन आठवडे या धंद्यातले सगळ्यात महत्त्वाचे. जमिनीवर भाताचं तूस किंवा भुईमुगाची टरफलं, त्यावर कागद, भोवती पत्र्याचं गोल कडं. कडं गोलच हवं, कारण कोपरा मिळाला की थंडीत पिल्लं तिथं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पहिल्या आठवड्यात बल्बखाली पंचाण्णव अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाचेक अंश कमी. थर्मामीटर असावाच, पण पिल्लांकडं पाहून जास्त कळतं. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, कडेला पांगून चोची उघड्या टाकल्या तर उकडतंय, आणि सगळीकडं सारखी पसरून टिपत असतील तर बरोबर आहे. रात्री वीज गेली तर कोळशाची शेगडी तयार लागते. ज्या घरात रात्री दोनला उठून पिल्लं पाहणारं माणूस आहे, त्या घरात मरतूक कमी.

यानंतरची परीक्षा उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा चाळीसच्या वर जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. तिच्या अंगाची उष्णताच एकेचाळीस-बेचाळीस अंश असते, त्यामुळं चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा उपाय. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं आणि मे महिन्यात पातळ कवचाची, हातात फुटणारी अंडी येऊ लागतात. शिंपल्याचा चुरा कितीही टाकला तरी फार उपयोग होत नाही. आधी गारवा हवा. म्हणून शेड पूर्व-पश्चिम लांब बांधतात, ऊन आत शिरू नये यासाठी. छतावर उसाचं पाचट, बाजूंना ओली पोती, दाणा पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी फक्त गार पाणी. शेवगा, सुबाभूळ किंवा कडुनिंबाची सावली ज्यानं पाच वर्षांपूर्वी लावली, त्याचा उन्हाळा सोपा.

यातलं खरं कसब वेळेचं आहे. आषाढात, म्हणजे आखाडात, कोंबड्याला वर्षातला उत्तम भाव मिळतो. श्रावण लागला की मागणी एकदम बसते. नवरात्रातही तसंच. चैत्र-वैशाखात जत्रा असतात, म्हसोबाला आणि राखणीच्या देवांना कोंबडा लागतो. सुधारित गावरान नराला विक्रीच्या वजनापर्यंत यायला चारेक महिने लागतात. म्हणजे आखाडासाठी पिल्लं फेब्रुवारी-मार्चमध्ये आणायची आणि त्यांची वाढ नेमकी सगळ्यात कडक उन्हात सांभाळायची. जास्त भाव मिळतो तो त्या उन्हाचाच. अंड्यांचं गणित उलटं. अंड्यांना भाव थंडीत, आणि तलंग अंड्यावर यायला पाच-साडेपाच महिने. म्हणून त्यासाठीची पिल्लं जूनच्या आसपास. शिवाय थंडीत दिवस लहान होतो आणि कोंबडीचं अंडं दिवसाच्या लांबीवर चालतं, म्हणून पहाटे आणि संध्याकाळी दिवा लावून उजेड सोळा तासांपर्यंत नेतात.

आता पैशाचं. समजा पुण्यात किंवा बारामतीत पन्नास घरांना आठवड्याला डझनभर अंडी द्यायची आहेत. आठवड्याची सहाशे, म्हणजे दिवसाला पंच्याऐंशी-शहाऐंशी. गावरान वळणाच्या सुधारित कोंबड्या सरासरी पन्नास टक्क्यांच्या आसपास अंड्यावर असतील असं धरलं, तर एकशे सत्तर कोंबड्या लागतात. दिवसाला प्रत्येकी एकशेवीस ग्रॅम खाद्य म्हणजे एकूण वीस किलो. एका अंड्यामागं जवळपास दोनशे चाळीस ग्रॅम. पिंजऱ्यातली व्यापारी लेअर कोंबडी जोमात असताना नव्वद टक्क्यांच्या वर अंडी देते. तिच्या अंड्यामागं खाद्य याच्या निम्मंच. कोंबडीच्या खर्चात सत्तर टक्के वाटा खाद्याचा. तेव्हा गावरान अंड्याचा दर बाजाराच्या दुप्पट असेल तर त्यात शेतकऱ्याची चैन नाही, तो खाद्याचा हिशेब आहे. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, 1982 पासून रोज शेकड्याचा दर जाहीर करते. त्या दराशी स्पर्धा करायला गेलेला छोटा शेतकरी पहिल्याच बॅचमध्ये बुडतो.

ग्राहकालाही खरं सांगायला हवं. तपकिरी कवच म्हणजे जास्त पोषण, हे खरं नाही. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि तपकिरी अंडी देणाऱ्या व्यापारी कोंबड्याही पिंजऱ्यात असतात. बलक गडद होतो तो मका, लसूणघास, शेवग्याचा पाला यांनी. कडकनाथचं मांस काळं असतं, अंडं मात्र फिकट तपकिरीच. ग्राहक जादा पैसे देतो ते ताज्या अंड्यासाठी, मोकळ्या फिरलेल्या कोंबडीसाठी आणि ओळखीच्या माणसासाठी. एवढं पुरेसं आहे. मधुमेह बरा होतो वगैरे सांगून विकणाऱ्यांनी या धंद्याचं मोठं नुकसान केलं आहे.

या धंद्याला लागलेला सगळ्यात वाईट रोग मात्र पक्ष्यांचा नव्हता. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव सर्वतोमुखी झालं. त्याच सुमारास महाराष्ट्रात एक योजना पसरली. शेतकऱ्यानं पैसे भरायचे, पिल्लं घ्यायची, अंडी परत कंपनीच घेणार, तीही चढ्या भावानं. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून हा डोलारा कोसळला आणि पश्चिम महाराष्ट्रातले हजारो शेतकरी अडकले. त्याआधी एमूचं तसंच झालं होतं. तमिळनाडूच्या पेरुंदुराईत 2012 मध्ये गुंतवणूकदार रस्त्यावर आले आणि आपल्याकडंही दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यांना तो मोठा पक्षी पोसणं परवडेना. दोन्ही वेळा पक्षी निरोगीच होते. दोष होता अंड्याच्या वाटेत. ते अंडं कुणाच्या ताटात जातच नव्हतं; एका शेतकऱ्याचं अंडं दुसऱ्या शेतकऱ्याच्या यंत्रात, त्याची पिल्लं तिसऱ्याच्या शेडमध्ये. नवा शेतकरी येईपर्यंत पैसा फिरतो, मग थांबतो. म्हणून लव्ही असो, टर्की असो, बदक असो की उद्या निघणारी कुठलीही नवी जात, माझा पहिला प्रश्न एकच असतो: याचं अंडं आज खातं कोण? खाणारी पन्नास घरं सांगता आली तर जात कोणतीही चालेल.

खाद्याच्या भावाचा धागा या पट्ट्यात थेट साखर कारखान्यापर्यंत जातो. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, मक्यापासूनच्या इथेनॉलला उत्तेजन मिळालं, आणि मका महागला. बारामती-इंदापूरचा शेतकरी स्वतः मका पिकवतो, ही त्याची जमेची बाजू. पण खरिपाचा मका परतीच्या पावसात भिजतो. नीट वाळवला नाही तर बुरशी धरते आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, कोंबडीच्या यकृतावर बसतं. अंडी घटतात, लस लागू पडत नाही, आणि दोष खाद्याचा आहे हे लवकर लक्षातही येत नाही. घरचा मका वाळवायला काँक्रीटचं खळं बांधणं हा मला शेडपेक्षाही आधीचा खर्च वाटतो. कोंबडखत डाळिंबाला आणि उसाला चांगलं, पण कुजवूनच. ताजं टाकलं तर मुळं जळतात.

इंदापुरात आणखी एक जोखीम आहे. भिगवण, कुंभारगावला उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब येतात, त्यांना पाहायला दुरून माणसं येतात. स्थलांतरित पाणपक्षी बर्ड फ्लूचे विषाणू वाहू शकतात. देशातली पहिली लागण 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला सापडली. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा. बाधित जागेभोवतीच्या एक किलोमीटरमधले सगळे पक्षी मारावे लागतात, मग ते कुणाचेही असोत. धरणाकाठच्या शेतकऱ्यानं हिवाळ्यात कोंबड्या पाण्यावर सोडू नयेत, पाणपक्षी उतरतात त्या डबक्याचं पाणी पाजू नये, शेडला वेगळी चप्पल ठेवावी. मार्च 2020 मध्ये तर रोग नसताना कोरोनाच्या नुसत्या अफवेनं कोंबडी कवडीमोल झाली आणि लोकांनी जिवंत पक्षी पुरले. ठरलेली घरं ज्यांची होती त्यांना शंकांना उत्तरं द्यायला निदान फोन होता.

रोजच्या भीतीचं नाव मात्र मानमोडी. एका रात्रीत खुराडं रिकामं करणारा हा रोग लशीनं टळतो आणि लस स्वस्त आहे. पुण्यात औंधची सरकारी संस्था ती बनवते. लशींचा क्रम असा: पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा, दुसऱ्यात गंबोरो रोगाची, चौथ्यात पुन्हा लासोटा, सहाव्यात देवीची, आठव्यात मानमोडीचीच आर-टू-बी. अडचण वेगळीच आहे. लशीची कुपी शेकड्यांनी मात्रांची येते, उघडल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते आणि घरी आणताना बर्फात ठेवावी लागते. ज्याच्याकडं दीडशे पक्षी आहेत तो म्हणतो, एवढी कुपी कशाला, आणि लस राहून जाते. वस्तीवरच्या चार-पाच घरांनी पिल्लं एकाच आठवड्यात आणली, तर एका कुपीत सगळ्यांचं भागतं, लस टोचायला येणाऱ्या माणसाचा खर्च वाटला जातो आणि पुढं पुण्याच्या फेरीची गाडीही एकच लागते. दोन तालुक्यांत बचत गटांचं जाळं आहे, कृषी विज्ञान केंद्र हाताशी आहे, पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. पिल्लांची तारीख गटानं मिळून ठरवायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.