आठवड्यात तीन किलो उतरले, त्यात चरबी किती?

‘कॅलरी मोजून खायला लागलो आणि आठवड्यात तीन किलो उतरलो. ॲप तर अर्धाच किलो सांगत होतं! माझं मेटाबॉलिझमच फास्ट आहे.’ सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगरात, अक्कलकोट रोडवरच्या जिममध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हे वाक्य कानावर पडतं. ऐकणारे कौतुकाने माना डोलावतात. त्यातले दोघे-तिघे रात्री तेच ॲप उतरवून घेतात आणि आठव्या दिवशी आपले तीन किलो का गेले नाहीत म्हणून हिरमुसतात.

कौतुक जरूर करू, आधी हिशेब करू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तीन किलोच्या झाल्या २३,१००. सात दिवसांत एवढी तूट पाडायची तर रोज ३,३०० कॅलरी कमी पडायला हव्यात. आता खर्चाची बाजू बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे तक्ते दिले, त्यांत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाची दिवसाची गरज २,११० कॅलरी आहे आणि ५५ किलोच्या बाईची १,६६०. म्हणजे या माणसाने आठवडाभर पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नाही, तरी त्याची दोन किलो चरबीसुद्धा पुरती जळत नाही. आणि हे गृहस्थ तर रोज दोन वेळा जेवून तीन किलोंच्या गोष्टी सांगतात!

काटा खोटं बोलत नाही. तीन किलो गेलेच, पण त्यातला मोठा वाटा पाण्याचा. आपलं यकृत आणि स्नायू मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, बाळगून असतात. या साठ्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं, त्यातही भात-भाकरी-साखर, एकदम कमी झालं की पहिल्या काही दिवसांत हा साठा उतरतो आणि त्याचं पाणी लघवीवाटे निघून जातं. इन्शुलिन कमी झालं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात, मिठामागे आणखी पाणी जातं. शिवाय कॅलरीच्या धाकाने पापड, लोणचं, फरसाण बंद झालेलं असतं, म्हणजे मीठ मुळातच घटलेलं. आतड्यातलं अन्नही कमी. या सगळ्याची बेरीज दोन-अडीच किलो सहज होते. चरबी गेली असेल अर्धा किलो, ॲपने सांगितली तेवढीच.

सोलापूरकरांना खरं तर हे नवं नाही. नवरात्राचे नऊ दिवस उपास धरायचे, कोजागरीला तुळजापूरपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर चालत जायचं, परत येऊन काट्यावर उभं राहायचं आणि खूश व्हायचं. मग घरात पुरणपोळी होते, दोन दिवसांत दीड-दोन किलो परत. दोन दिवसांत एवढी चरबी साठायला पंधरा हजार कॅलरी वरच्या खाव्या लागतील. तेवढ्या पुरणपोळ्या कुणाच्याने होणार? पाणी गेलं होतं, पाणी आलं.

पहिल्या आठवड्याच्या वेगाने वर्षाचं गणित मांडणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. ‘रोज ५०० कमी, आठवड्याला अर्धा किलो’ हा नियम मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांच्या १९५८च्या आकडेमोडीवर उभा आहे. वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही उतरतो, हे त्या सरळ रेषेत बसत नाही. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते नीट मांडलं. महिन्यांमागून महिने गेले की वेग मंदावतो. त्याला ‘ॲप बिघडलं’ म्हणत नाहीत.

आता उरले खरोखर वेगळे लोक: महिना-दीड महिना उलटला, पाण्याचा भाग संपला, तरी वजन अंदाजाच्या दुप्पट वेगाने उतरतंय. यांनी आधी मेटाबॉलिझम सोडून स्वयंपाकघरात जावं. समजा, ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी केली. पिठाच्या कॅलरी साधारण २००. पाण्यामुळे तव्यावरून उतरलेली ती भाकरी भरली ९० ग्रॅम. तुम्ही भाकरी काट्यावर ठेवली आणि ॲपमध्ये ‘ज्वारीचं पीठ, ९० ग्रॅम’ निवडलं. नोंद झाली ३०० कॅलरींची. दिवसाला चार भाकऱ्या म्हणजे ४०० कॅलरी फक्त मोबाइलमध्ये, पोटात नाहीत. ठरवलेली तूट ५००, प्रत्यक्षात ९००. आठवड्याला पाऊण किलोच्या वर वजन जाणारच! शिजलेला भात तोलून कच्च्या तांदळाचा आकडा लावला तर फरक याहून मोठा. कडक भाकरी खाणाऱ्यांचं उलट होतं. ती वाळून हलकी झालेली असते, तिला मऊ भाकरीचा आकडा लावला की कॅलरी कमी मोजल्या जातात. पीठ मळण्याआधी तोला, वाद मिटला.

बहुतेकांची चूक मात्र कमी मोजण्याचीच असते. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात, तो १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला, ‘डाएट करूनही वजन हलत नाही’ म्हणणाऱ्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं.

दुसरी जागा हालचालीची. यंत्रमागावर पाळीभर उभं राहून येरझाऱ्या घालणारा माणूस ‘रोजचंच काम, त्यात काय’ म्हणून ‘बैठं काम’ निवडतो आणि त्याचा खर्च कमी धरला जातो. सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई संध्याकाळी पाठ धरून उठते आणि ‘कष्टाचं काम’ निवडते. कष्ट खरेच आहेत, पण कॅलरी बसल्याच्याच जळतात.

बाकीचे गैरसमज उभ्या उभ्या. घामाने चरबी जात नाही, पाणी जातं. ज्वारी आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच, भाकरी ‘हलकी’ म्हणून चार जास्त खाऊ नयेत. शेंगाचटणी ‘चटणी’ म्हणून मोजायची सोडू नका, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पाचशेवर कॅलरी असतात. आणि जितकं भरभर तितकं चांगलं, हेही चूक. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन सतत उतरत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, स्नायूही झिजतात.

पीठ तोललं, हालचाल नीट भरली, तरी हिशेब जुळत नसेल तर रोज तीनशे कॅलरी वाढवून बघा. तरीही वजन त्याच वेगाने घसरत राहिलं तर ते डाएटचं यश समजू नका. तहान आणि लघवी वाढली असेल तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहात साखर लघवीतून वाहून जाते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. छातीत धडधड, हाताला कंप असेल तर थायरॉइड. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप असेल तर क्षयाची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. कुंभारीतच अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, लांब जायची सबब नाही.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांना वेगळं सांगायला हवं. डापाग्लिफ्लोझिनसारखं औषध दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर काढतं. ॲपने मोजलेल्या अडीचशे-तीनशे कॅलरी अशा परस्पर जातात, आणि लोक श्रेय देतात ॲपला. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू ठेवून जेवण निम्म्यावर आणलं तर साखर धोक्याच्या खाली उतरून चक्कर येऊ शकते. गोळ्यांचं पाकीट दाखवून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, मग भाकरी कमी करा.