मानवीकरण
मानवेतर प्राणी, वनस्पती, निसर्गशक्ती वा देवता यांच्या ठिकाणी मनुष्याचे रूप, वाणी, भावना किंवा हेतू कल्पिणे म्हणजे मानवीकरण. ‘मनुष्य’ व ‘रूप’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनलेल्या ‘अँथ्रोपोमॉर्फिझम’ या संज्ञेचा हा मराठी पर्याय होय. मराठी अलंकारविचारातील चेतनगुणोक्ती ही त्याच्या निकटची कल्पना असली, तरी तीत अचेतनावर चेतनाचा आरोप असतो. प्राणी मुळातच सचेतन असल्यामुळे प्राणिपात्रांच्या बाबतीत ती संज्ञा अपुरी पडते.

पंचतंत्रात पिंगलक सिंह, संजीवक बैल आणि करटक व दमनक हे कोल्हे यांच्याद्वारा राजनीती शिकविली आहे. राजा व मंत्री यांच्यावरील टीका प्राण्यांच्या मुखातून निर्धास्तपणे करता येते, हा या पद्धतीचा मोठा लाभ. मराठीत इसापच्या कथा तंजावर येथे बालबोध मुक्तावली (१८०६) या ग्रंथातून व पुढे सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या इसापनीतिकथा (१८२८) या पुस्तकातून आल्या. लोककथांत वाघोबा, कोल्होबा, चिऊताई अशी नावे आढळतात. म्हणजे केवळ नाते वा आदर दर्शविणारे पद जोडूनही मानवीकरण साधते.

खानदेशातील दोन कवींच्या रचनांत या प्रवृत्तीची भिन्न रूपे दिसतात. धरणगाव (जि. जळगाव) येथे जन्मलेले बालकवी ऊर्फ त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) यांच्या ‘फुलराणी’त कळीच्या विवाहासाठी सारी सृष्टी वऱ्हाडी बनते. त्यांत गाणारा पक्षी पुल्लिंगी ‘कोकिळ’ आहे. रूढ ‘कोकिळा’ मात्र निसर्गाशी विसंगत ठरते, कारण परिचित कुहूकूजन नराचे असते. ‘पारवा’ या कवितेत पडक्या धर्मशाळेतील पक्ष्याच्या घुमण्याला कवी स्वतःची खिन्नता अर्पण करतो. तेथे पारव्यापेक्षा कवीचेच मन अधिक कळते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची सुगरण पिलासाठी खोपा विणणारी माता आहे. प्रत्यक्षात खोपा नर विणतो. अर्धवट विणलेला खोपा मादीने पसंत केल्यावर तो पूर्ण करून नर बहुधा दुसरा खोपा आरंभितो आणि अंडी उबविणे व पिलांचे संगोपन मुख्यत्वे मादीकडे राहते. सालिम अली यांनी किहीम (जि. रायगड) येथील निरीक्षणांवरून या पक्ष्याचे विणीचे वर्तन विशद केले. ‘सुगरण’ हा शब्दच स्त्रीलिंगी असल्याने या कल्पनेचे मूळ कवयित्रीच्या आधी भाषेत शोधावे लागते. कवितेतील वात्सल्य त्यामुळे खोटे ठरत नाही. विणकराचे लिंग तेवढे चुकते.

प्राणिवर्तनाच्या अभ्यासात मात्र अशा आरोपाबद्दल सावधगिरी बाळगतात. सी. लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये असा नियम मांडला, की साध्या मानसिक प्रक्रियेने वर्तनाचा उलगडा होत असल्यास उच्चतर प्रक्रिया गृहीत धरू नये. उलट प्राणी व मानव यांतील खरे साम्य नाकारणे हीदेखील चूकच आहे, असे प्रतिपादन फ्रान्स द व्हाल या प्राणिवर्तनशास्त्रज्ञांनी केले.

व्यवहारात या चुकीची किंमत बहुधा प्राण्यालाच मोजावी लागते. साप डूख धरतो, या समजुतीने निरुपद्रवी सापही मारले जातात. सापाने मनुष्य ओळखून सूड घेतल्याचा पुरावा नाही. नागपंचमीस त्याला पाहुण्यासारखे दूध पाजण्याचा प्रघातही याच वृत्तीतून आलेला दिसतो. साप मांसाहारी असून दूध त्याचे अन्न नव्हे. उपाशी व तहानलेल्या सापाला ते बळेच पाजल्याने अपाय होतो.

निरीक्षणाची शिस्त व कथनाची गरज यांचा मेळ व्यंकटेश माडगूळकर यांच्या सत्तांतर (१९८२) या कादंबरीत आढळतो. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीतील वानरांना नावे आहेत; परंतु टोळीच्या स्वामित्वासाठी होणारा संघर्ष आणि नव्या नराकडून होणारी पिलांची हत्या या गोष्टी वानरांच्या प्रत्यक्ष वर्तनातून घेतलेल्या आहेत.